नाना आणि 'दाबून धरून'

धुळ्याला नानांच्या घरून निघताना 'येतो' म्हणायची सोय नव्हती. म्हटलं, की चष्म्यावरून बघत ते लगेच विचारायचे, "कधी?" नाना माझ्या बायकोचे मामा, दिवाणी कोर्टातले वकील. सारी हयात शेतांच्या हद्दींच्या भांडणात गेलेली. आमच्या लग्नातसुद्धा पत्रिकेवरच्या 'सहकुटुंब सहपरिवार'वर बोट ठेवून त्यांनी आपल्या अहिराणी वळणाच्या बोलीत मला अडवलं होतं, "जावईबापू, आठे, या दोन शब्दांमध्ये, 'आणि' शे का 'किंवा' शे? मी एकटाच आलोय."

पुढे नव्वदीच्या दशकात आम्ही तिघा मित्रांनी जळगावात, मेहरूणला, सॉफ्टवेअरचं दुकान थाटलं. अमेरिकेतल्या एका फर्निचरवाल्यासाठी प्रोग्रॅम केला. पडद्यावरच्या खोलीत माउसने खुर्च्या-टेबलं मांडायची. काम संपत आलं आणि त्याने कळवलं, की चित्र असं ओढत नेऊन सोडण्यावर तिकडे कुणाचं तरी पेटंट आहे. तुमचा प्रोग्रॅम त्यात येत नाही हे पटवा, नाहीतर ऑर्डर रद्द. ऑर्डर गेली असती तर दुकानाला कुलूपच लागलं असतं. पेटंटचे कागद घेऊन मी एस.टी.ने धुळं गाठलं.

नानांनी कॉम्प्युटर जन्मात पाहिला नव्हता, पण पेटंटचा दावा, म्हणजे हक्क नेमका कशावर ते सांगणारा मजकूर, वाचून ते हरखले. पानभर एकच वाक्य! "अरे, हा तर आमच्या खरेदीखताचा सख्खा भाऊ शे!" मग म्हणाले, "दावा म्हणजे चतुःसीमा, चारी बाजूंच्या हद्दी. यात जेवढ्या अटी, त्या बठ्ठ्या तुमच्या कामात सापडल्या, तर तुम्ही त्याच्या वावरात. एक जरी नसली, तर बांधाबाहेर."

जागेची पाहणी केल्याशिवाय मत द्यायचं नाही, या शिरस्त्याप्रमाणे ते जळगावला आले. "याले शेपटी कशाले?" म्हणत त्यांनी माउस तपकिरीच्या डबीसारखा मुठीत धरून हवेत फिरवला आणि पडद्यावर काही हलेना म्हणून आमच्यावरच डाफरले. शेवटी मीच खुर्ची हलवून दाखवली.

"बटण दाबून धरत नाहीस?" नानांनी एकदम विचारलं.

मी ओशाळलो. आमच्या एकुलत्या माउसचं बटण धुळीने बिघडलेलं होतं, दाबून धरलं तरी मधेच सुटायचं. म्हणून आम्ही एकदा टिचकी मारून खुर्ची उचलायची आणि दुसरी मारून ठेवायची, असा जुगाड केला होता. नानांनी मांडीवर थाप मारली. दाव्यात स्पष्ट होतं, 'बटण दाबून धरून'.

"पण नाना, खुर्ची शेवटी तिथेच जाते ना?" माझा मित्र म्हणाला.

नानांनी पोह्यांची बशी बोटाने दाबत टेबलावरून ओढत नेली. मग परत आणून, या वेळी उचलून तिथेच ठेवली. "भांडण बशीचं नाही, ओढण्याचं शे." तेवढ्यात निम्मे पोहे कीबोर्डात गेले, ते मात्र त्यांना दिसले नाहीत.

मग त्यांनी एकेक वस्तू हलवून बघायला लावली. एक दिवा तेवढा मित्राने, बटण बिघडण्याआधी, हौसेने दाबून ओढायचा केला होता. नाना म्हणाले, "हा बदलून टाक. बैलाचा एक पाय पलीकडे पडला तरी फिर्याद होते." आम्ही बदलला. नानांचा मुद्दा तिकडच्या वकिलांनाही पटला आणि ऑर्डर राहिली. दुकान आजही चालू आहे.

नाना अंथरुणाला खिळले तेव्हा भेटायला गेलो. माझा फार जीव होता त्यांच्यावर. उठताना शब्द सांभाळून म्हणालो, "नाना, निघतो."

त्यांनी माझा हात धरला. "'येतो' म्हण."

मी 'येतो' म्हणालो. नानांनी 'कधी?' विचारलं नाही.