घाटाच्या गाडीच्या चार नळ्या

गॅसच्या ज्योतीपुढं लोखंड कसं धरायचं हे मला वडिलांनी शिकवलं. पण लग्नानंतर ती ज्योत माझ्या हातात टिकवली कोणी असं विचाराल, तर सासरच्यांनी. हे ऐकलं की बाया हसतात. सासरचे गुण गाणारी ही कोणती बाप्पा, म्हणतात. हसू द्या. खरं ते खरं.

माझं माहेर सौसरचं. वडिलांचं वखरं, डवरे अशी शेतीची अवजारं आणि बैलबंड्या दुरुस्त करायचं दुकान होतं. आम्ही नुसत्या बहिणी, त्यात मीच तेवढी धीट, म्हणून दुकानात माझा हात चालू लागला. वेल्डिंगची टॉर्च पहिल्यांदा हातात घेतली तेव्हा परकर-पोलक्यात होते. लग्नाच्या बोलणीत वडिलांनी मोठ्या अभिमानानं सांगितलं, "पोरीले गॅसचं वेल्डिंग येते." माझे सासरे, म्हणजे मामाजी, मिशीत हसले. म्हणाले, "आमच्याकडं पोळ्या आल्या तरी पुरे आहे."

ऐंशीनंतरची पहिली-दुसरी वर्षं असतील. पांढुर्ण्याला नागपूर रोडवर मामाजींचं गॅरेज होतं, मागं घर. पुढं ट्रॅक्टर, जीपा खोलल्या जायच्या आणि मागं मी भाकरी थापायची. गंजलेले नट तापवायला तिथंही एक टॉर्च होती; तिचा आवाज आला की मी तवा सोडून खिडकीत. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, ओरडायच्या, "अवं, भाकर जळून राहिली ना!" जळायचीच.

आमच्या ह्यांना वेगाचं वेड. कोण्या ठेकेदाराची मोडकी दोन दरवाजांची गाडी भंगारात चालली होती, ती ह्यांनी तुकड्या-तुकड्यानं घरी आणली आणि उभी केली. तेवढ्यात नागपूरच्या हौशी गाडीवाल्यांनी सौसरच्या पुढं, छिंदवाड्याच्या वाटेवरच्या घाटात चढाईची शर्यत ठेवली. झालं! ह्यांचं जेवणखाण सुटलं.

शर्यतीच्या गाडीला लांब नळ्या लागतात, हे ह्यांनी नागपूरहून आणलेल्या जुन्या इंग्रजी मासिकातल्या चित्रात पाहिलं होतं. गोष्ट साधी आहे. इंजिनाचा जळका धूर चार भोकांतून बाहेर पडतो. कंपनीनं तिथं बिडाचा एक आखूड तुकडा लावलेला असतो, त्यात चौघांचा धूर एकमेकांना धक्के देत निघतो, जत्रेत एकाच दारातून सगळे निघाल्यासारखा. त्याऐवजी प्रत्येक भोकाला आपली वेगळी लांब नळी द्यायची, चारही सारख्या लांबीच्या, आणि खाली दूर नेऊन एकत्र करायच्या. मग इंजिन मोकळं होतं आणि चढावर गाडी ओढते.

चित्र पाहणं सोपं. ह्यांचा हात इंजिनात कसबी, पण जोडकाम येत नव्हतं. मामाजींनी गावातला एक वेल्डर बोलावला. त्यानं आणली बिजलीची मशीन. पातळ नळीला बिजलीचा टाका लावला की भोक पडणारच. एक पडलं, दुसरं पडलं. तो भोक बुजवायला गेला की शेजारी नवीन. मी चहा द्यायला गेले होते. कप खाली ठेवला आणि तोंडातून निघून गेलं, "भाऊ, ही नळी आहे का चाळणी? इले गॅस लागते, गॅस."

त्यानं माझ्याकडं पाहिलं, मामाजींकडं पाहिलं, मशीन उचलली आणि चालता झाला. जाता जाता म्हणाला, "बाईच्याच हातून करून घ्या मग."

"घ्या करून!" मी म्हटलं.

मामाजी खाटेवर बसले होते. गॅरेजचं अर्धं काम ते खाटेवरूनच करायचे, उंटावरून शेळ्या हाकल्यासारखं. शर्यत तोंडावर आलेली, दुसरा वेल्डर मिळायचा नाही, आणि लेकाचं तोंड बारीक झालेलं. शेवटी म्हणाले, "सूनबाई, एक बार करून पाहा. पण आपल्या गॅरेजचं नाव आहे. टाका फाटला, तं मग जिंदगीत त्या टॉर्चले हात लावाचा नाही. मंजूर?"

"मंजूर," मी म्हटलं.

नळ्या वाकवायच्या होत्या. रिकामी नळी तापवून वाकवली की चपटी होते, म्हणून आत गच्च वाळू भरून दोन्हीकडून लाकडी गुट्टे ठोकायचे. वाळू मात्र कोरडी ठणठणीत पाहिजे. ओल राहिली तर वाफ होऊन गुट्टा गोळीसारखा सुटतो. हे म्हणे, जाम नदीची आणू आणि वाळवू. मी म्हटलं, वाळत कधी अन् वाकत कधी? त्यापेक्षा बाजारातल्या फुटाणेवाल्या काकांकडं जा. ज्या वाळूत रोज फुटाणे भाजतात, तिच्यात ओल कुठून राहणार! काकांनी टोपलंभर वाळू दिली, वरून मूठभर फुटाणेही. आमच्या त्या नळ्यांना वाकताना खमंग वास यायचा. पोटात भूक पेटायची.

पदर खोचला, डोळ्यांवर काळा चश्मा लावला आणि कितीतरी वर्षांनी टॉर्च पेटवली. ज्योत आधी पिवळी फडफडते, मग ऑक्सिजन सोडला की निळी टोकदार होते. ती निळी झाली आणि मला रडूच आलं. चश्मा होता म्हणून कोणाला दिसलं नाही.

जोडण्यापेक्षा बसवणं कठीण निघालं. एक नळी स्टेअरिंगच्या दांड्याला घासत होती, ती पुन्हा तापवून वाकवली. मग सगळा सांगाडा वरून जाईना. शेवटी इंजिन जॅकनं थोडं उचललं आणि खालून सरकवला. सगळ्यात मागचा नट नळी आणि इंजिनाच्या मधल्या सांदीत. ह्यांचा पंजा जाईना, मामाजींचा तर नाहीच. माझा गेला. नट आवळला आणि हात ओढून काढताना हिरव्या बांगड्या अडकल्या. कडकड वाढल्या सगळ्या. मनगटावर रक्ताचा ओरखडा.

मी हसत होते. नट बसला होता ना! पण आत्याबाई दारात उभ्या होत्या आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. लेक घाटात गाडी पळवायला निघालेला, आणि सुनेचा हात रिकामा. त्या आत गेल्या. नवीन बांगड्या आणून स्वतः माझ्या हातात भरल्या. मला वाटलं, विषय संपला.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी पहिल्यांदा चालू करायची होती. आजूबाजूची पंधरा-वीस माणसं जमा झाली. गावात अशा गोष्टीला आमंत्रण लागत नाही. ह्यांनी चावी फिरवली आणि बाप्पा, काय आवाज! पोटातून आल्यासारखा. ह्यांनी रेस वाढवली. नळ्या तापू लागल्या. आणि एकदम त्यांच्यातून पांढरा धूर निघाला, भपकन, अख्खं बॉनेट झाकून.

"आग! आग लागली!" कोणीतरी ओरडलं.

मामाजी खाटेवरून उठलेले मी फार क्वचित पाहिले. त्या दिवशी ते पोरासारखे धावले, हौदातली बादली उचलली आणि सगळं पाणी तापल्या नळ्यांवर ओतलं.

टण्ण!

तो आवाज अजून माझ्या कानात आहे. धूर विरला. खाली, जिथं चार नळ्या एक होत होत्या, तिथं टाका बोटभर फाटला होता.

"फाटला," मामाजी धापा टाकत म्हणाले. मग सगळ्यांसमोर, सावकाश, "ठरलं होतं ना, सूनबाई?"

गर्दीतून कोणी फिदीफिदी हसलं. माझं डोकंच फिरलं. "मामाजी, तापल्या तव्यावर पाणी टाकलं तं तवाबी तडकते! आग नव्हतीच. लोखंडातून असा धूर निघत नाही, काहीतरी..." ह्यांनी माझा दंड धरला. सून सासऱ्याला भर रस्त्यावर उलट बोलली होती. मला वाटलं, संपलं. आता जन्मभर भाकरी.

तेवढ्यात मागून आवाज आला, "तेल म्या लावलं."

आत्याबाई होत्या. डोक्यावरचा पदर सावरत त्या पुढं आल्या. पहाटे उठून त्यांनी जामसांवलीच्या हनुमानाचा तेल-शेंदूर चारही नळ्यांना खालून चोपडला होता. बांगड्या वाढल्या म्हणून. लेक सुखरूप यावा म्हणून. कोणाला दिसू नये म्हणून खालून. तेच तेल जळत होतं.

मामाजी रागानं बोलणार, तेवढ्यात आत्याबाईंनी हात वर केला. या बाईनं उभ्या आयुष्यात नवऱ्याचा शब्द खाली पडू दिला नव्हता. मामाजी पाणी म्हणायच्या आधी त्या तांब्या घेऊन उभ्या असायच्या. आज मात्र त्या बोलल्या, "तेल म्या लावलं. पाणी तुम्ही टाकलं. पोरीचं काय चुकलं, ते सांगा."

मामाजींनी एकदा फाटलेल्या टाक्याकडं पाहिलं, एकदा हातातल्या रिकाम्या बादलीकडं. बादली ठेवली आणि आत निघून गेले.

आत्याबाई माझ्याजवळ येऊन नुसत्या उभ्या राहिल्या, खांद्याला खांदा लावून. त्यांच्या अंगाला शेंदराचा वास येत होता. माझ्या जन्मदात्या आईनंही माझी अशी बाजू कधी घेतली नव्हती, खोटं कशाला बोलू.

मामाजी बाहेर आले ते धोतर खोचून, हातात पाना घेऊन. कोणाकडं न पाहता गाडीखाली शिरले. चिखलातच पाठ टेकली आणि नट खोलू लागले. खालूनच आवाज आला, "उभी काय राहिली? टॉर्च पेटव. नळी मी धरतो."

त्या दिवशी त्यांनी नळी धरली आणि मी जोडली. ठिणग्या त्यांच्या हातावर पडत होत्या. मी म्हटलं, "मामाजी, हात मागं घ्या." ते म्हणाले, "तू तुह्या कामाकडं पाह." टाका पुरा झाला तेव्हा त्यांनी नुसती मान हलवली. काम संपल्यावर आत्याबाईंनी साबणाच्या पाण्यानं नळ्यांवरचं उरलेलं तेल पुसून काढलं आणि शेंदूर पुढच्या काचेला लावला. म्हणाल्या, "देव समजून घेते."

शर्यतीला आम्ही सगळे गेलो. मोहगाव, सौसर मागं टाकत गाडी गर्जत निघाली, माहेरच्या दुकानापुढं वडील हात वर करून उभे. घाटाच्या पायथ्याशी आम्ही थांबलो आणि हे वर गेले. वळणं दिसत नव्हती, नुसता आवाज यायचा. आवाज बदलला की आत्याबाई माझा हात आवळायच्या, आणि मी टाक्याचा विचार करायची. खरं सांगते, नवऱ्याआधी टाक्याचा.

पहिला नंबर नागपूरच्या गाडीचा आला. आमचा कितवा आला ते हे अजूनही धड सांगत नाहीत, "वर पोचलो ना," एवढंच. गाडी खाली आली तेव्हा मामाजी सगळ्यात आधी वाकले. फाटलेल्या जागी निरखून पाहिलं. उठले, धोतर झटकलं आणि चहा प्यायला गेले. शाबासकी वगैरे काही नाही. मी मनात म्हटलं, जाऊ दे, टाका टिकला, हीच हनुमानाची शाबासकी. उद्यापासून काय, हे मात्र मी विचारलं नाही, आणि त्यांनीही सांगितलं नाही.

चार-आठ दिवस तसेच गेले. टॉर्च खुंटीला आणि मी चुलीपुढं.

एक दिवस दुपारी सावरगावचे एक शेतकरी फुटलेला सायलेन्सर घेऊन आले. मामाजी आणि हे जेवून उठले होते, मी नुकतीच ताटावर बसले होते. घरातल्या बायका मागून जेवतात, आणि पुढून हाक आली की हात धुऊन उठतात, अशी आमच्याकडची रीत. शेतकरी म्हणाले, "हे अर्जंट जोडून पायजे, मिस्त्री कुठं आहे?"

मी कान टवकारले. घास तोंडातच.

मामाजींचा आवाज आला, रोजचाच, चढा. "बसा. आमची सूनबाई जेवून राहिली. तीच जोडते. तिचं जेवण होऊ द्या."

माझ्या डोळ्यांतून पाणी गळत होतं, थेट वरणात. मी उठायला लागले तशी आत्याबाईंनी माझा खांदा दाबून खाली बसवलं आणि ताटात अजून एक भाकर वाढली.

"सावकाश जेव," त्या म्हणाल्या. "थांबतात ते. कामावर जायचं आहे तुले."