नुसत्या आकड्यांची वही

माझ्या घरात पदवी घेणारा मी पहिला. हे मी आजही सांगतो आणि सांगताना लाजत नाही. मोताळ्याजवळच्या आमच्या गावातून मुंबईला कॉम्प्युटरवर काम करायला गेलेला तर मी एकटाच. पण ज्या कामामुळे तिथे माझं नाव झालं, ते मला सुचलेलं नव्हतं. ते माझ्या मोठ्या भावाचं होतं. मी ते कुणाला सांगितलं नाही, आणि त्यापायी दादाची नोकरी हुकली. एवढं लिहायला मला म्हातारं व्हावं लागलं.

काम काय होतं ते आधी सांगतो. समजायला अवघड नाही.

महाराष्ट्र झाला तेव्हा मी तिसरीत होतो. मुंबईच्या एका संस्थेत नोकरीला लागलो तेव्हा कॉम्प्युटर म्हणजे एक अख्खी खोली असायची. त्याच्या मुळाशी एक प्रोग्राम सतत चालू, बाकीच्या सगळ्या प्रोग्रामांना सांभाळणारा. आता त्याला कर्नल म्हणतात. आमचा कर्नल शेकडो लहान तुकड्यांचा बनलेला होता. प्रत्येक तुकड्याला एक नाव आणि मेमरीत एक जागा, म्हणजे एक नंबर. त्या सगळ्यांची एक यादी होती, नंबरांच्या क्रमानं लावलेली. कारण मशीन अडकलं की समोरच्या दिव्यांवर नंबर उमटायचा, आणि त्यावरून आम्ही यादीत बघायचो, कुठल्या तुकड्यात अडकलं ते.

उलटं काम मात्र वैताग होता. नवा प्रोग्राम चढवला की तो नावानं विचारायचा, अमुक तुकडा कुठे आहे? मग मशीन पहिल्या नावापासून एकेक नाव वाचत सुटायचं. त्यात मेमरी वाचावी म्हणून नावं दाबून आखूड केलेली. प्रत्येक नाव आधी उलगडायचं, मग ताडून बघायचं. एक प्रोग्राम चढेस्तोवर माणसं खाली जाऊन चहा पिऊन यायची.

साहेबांनी ते काम मला दिलं. "शोध लवकर लागला पाहिजे. पण यादीचा क्रम हलवायचा नाही, आणि मेमरी जास्तीची मागायची नाही."

मी आधी यादीच नावांच्या क्रमानं लावून टाकली. शोध झटक्यात लागायला लागला. दुसऱ्या दिवशी मशीन अडकलं आणि नंबरावरून कुणाला काही कळेना. बोलणी खाल्ली. मग दोन याद्या केल्या, एक नंबरांची, एक नावांची. मेमरी पुरेना. पुन्हा बोलणी. शेजारच्या टेबलावरचा पुण्याचा सहकारी म्हणाला, "काय, 'मले' जमेना का?" तिथे 'मला' म्हणायला मी शिकलो होतो, पण चिडलो की तोंडातून 'मले' निघून जायचं. सगळे हसले. मीही हसलो, पण ते लागलं.

दिवाळीनंतर सुट्टी काढून घरी गेलो. मलकापूरला गाडीतून उतरलो आणि एसटीनं मोताळ्याला आलो. गावाकडे न जाता आधी कापूस खरेदी केंद्रावर गेलो, कारण दादा तिथे होता. हंगामापुरता, रोजंदारीवर. आलेल्या गाड्यांची नोंद करायचं काम. सातवीनंतर त्याला वखरामागे लावलं तेव्हा कुठे माझी शाळा पुढे चालली, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. त्याची एकच इच्छा होती: केंद्रावर कायम व्हावं, बारा महिने खुर्चीवर बसावं.

बैलगाड्यांची रांग पार सडकेपर्यंत गेली होती. दोन-दोन, तीन-तीन दिवस नंबर लागत नसे. बैलं सोडलेली, माणसं गाड्यांखाली बसलेली. दादापुढे एक जाडजूड वही होती. तिच्यात आलेल्या क्रमानं नंबर आणि नाव. शेजारी एक पातळ, शाळेतली वही.

तेवढ्यात एक बाई डोक्यावर भाकरीचं टोपलं घेऊन आली. मागे तिची सासू.

"ओ भाऊजी, आमची गाडी कुठी हाये?"

"कोनाच्या नावावर हाये?" दादानं विचारलं.

बाईनं सासूकडे पाहिलं. नवऱ्याचं नाव घ्यायचं कसं?

"घ्या वैनी उखाना!" एका गाडीवरून कुणीतरी ओरडलं. "आमी आयकतो फुकटात."

"तुह्या बायकोले घ्याले लाव," दादा म्हणाला. "ते तं तुह्यं नाव घेतल्याबिगर दिवसभर शिव्याच देऊन राह्यते म्हने."

रांगेत हशा पिकला. शेवटी सासू पुढे झाली. "मी सांगतो. माह्याच पोराचं नाव घ्याले मले कायची लाज?" आणि तिनं नाव सांगितलं.

दादानं पातळ वही मधोमध उघडली. मी वाकून पाहिलं. तिच्यात नावं नव्हतीच. नुसते आकडे, एकाखाली एक, काही धरबंद नसल्यासारखे: एक्केचाळीस, सात, एकशे बारा, एकोणीस. त्यानं एका आकड्यावर बोट ठेवलं, जाड वहीत तो नंबर काढून त्यापुढचं नाव वाचलं, मान हलवली. पातळ वहीत थोडा पुढे सरकला. पुन्हा तेच. मग थोडा मागे. चौथ्या खेपेला म्हणाला, "एकशे बारा. बाभयीखाली हाये, जा."

"दादा, या वहीत नावं काऊन नाहीत?"

"नावं मोठ्या वहीत हायेत ना बे. परत काऊन लिहू?"

"मंग हे आकडे कायचे?"

"सकायी गेट उघडाच्या आंधी नावाच्या क्रमानं आकडे मांडून ठेवतो. नाव पाह्याचं मोठ्या वहीत, क्रम पाह्याचा हिच्यात. मधातून उघडलं का अर्धे नावं तं तिथंच कटते. आंधी हिच्यातबी नावं लिहत होतो. इथी एक लिहलं, तिथी दुसरंच. भांडनं लागले."

"अन् मोठी वहीच नावानं लावली तं?"

दादानं माझ्याकडे असं पाहिलं, जसं लहानपणी मी औत उलटं जुंपल्यावर पाहिलं होतं. "रांग मोडू? जीव घेतीन लोक माह्या. शिकला का नाही बे तू?"

बीएस्सीला मला पहिला वर्ग होता. मी तिथेच उभा राहिलो. मूळ यादी तशीच ठेवायची. बाजूला नुसते आकडे, नावांच्या क्रमानं. आकड्याला मेमरी लागते ती नावाच्या मानानं काहीच नाही. शोध मधून सुरू करायचा, दर खेपेला उरलेल्यातलं अर्धं सोडायचं. दोन महिने माझं डोकं ज्यावर आपटत होतं, ते दादा रोज सकाळी गेट उघडायच्या आधी करत होता.

मुंबईला परत आलो आणि आठवड्यात ते बसवलं. प्रोग्राम चढायला लागला तो माणूस खुर्चीतून उठायच्या आत. मशीन अडकल्यावर नंबरावरून तुकडाही सापडायचा, पहिल्यासारखा. साहेबांनी सगळ्यांना बोलावून दाखवलं आणि विचारलं, "सुचलं कसं रे?"

शेजारच्या टेबलावरचा तो माझ्याकडे बघत होता. कापसाच्या गाड्या म्हटलं असतं तर निवृत्त होईपर्यंत मला बैलगाडी म्हणून हाक मारली असती. निदान तेव्हा मला तसं वाटलं. मी म्हणालो, "विचार करता करता सुचलं, सर." अहवाल निघाला तो एकट्या माझ्या नावानं.

दादाला मात्र मी खरं सांगितलं. पुढच्या खेपेला घरी गेलो तेव्हा म्हणालो, "दादा, तुह्यी युक्ती मशीनले शिकवली." तो इतका हसला की डोळ्यांत पाणी आलं. मग मोताळ्याच्या बाजारात, केंद्रावर, न्हाव्याकडे, जो भेटेल त्याला तो सांगत सुटला: "मुंबईच्या मशीनमंधी माही वही हाये बरं का."

त्यानंतर महिन्या-दोन महिन्यांत त्याचं पत्र आलं. केंद्रावर एक माणूस कायम घेणार होते. मॅट्रिक पाहिजे होतं, पण तिथल्या साहेबांचा दादावर लोभ होता. ते म्हणाले होते, मुंबईच्या संस्थेनं दोन ओळी लिहून दिल्या, की या माणसाची पद्धत आम्ही वापरली, तर मी वर शब्द टाकतो. दादानं खाली लिहिलं होतं, "फक्त दोन ओळी. तुझ्या साहेबाला वेळ असेल तेव्हा."

ते पत्र मी आठ दिवस खिशात घेऊन फिरलो. साहेबांच्या दारापर्यंत दोनदा गेलो. दोन ओळी मागायच्या तर आधी कबूल करायला हवं होतं की सहा महिन्यांपूर्वी मी खोटं बोललो. नवव्या दिवशी दादाला कार्ड टाकलं: "असं लिहून देत नाहीत. इथल्या नियमात बसत नाही."

त्यानं उलट काही विचारलं नाही. ती जागा एका मॅट्रिक झालेल्याला मिळाली. दादा आणखी दोन हंगाम रोजंदारीवर गेला, मग जाणं सोडलं आणि शेतीच पाहू लागला. युक्तीची गोष्ट मात्र त्यानं सांगायची सोडली नाही. माझ्या लग्नातसुद्धा सांगितली.

पुष्कळ वर्षांनी, साहेब निवृत्त झाल्यावर, त्यांच्या घरी गेलो होतो. तेव्हा कसं कोण जाणे, सगळं सांगून टाकलं. "अरे, तेव्हाच सांगायचंस," ते म्हणाले. " दोन ओळी कसल्या, मी पानभर लिहून दिलं असतं. त्या माणसाला इथे बोलावलं असतं."

त्याच उन्हाळ्यात मी गावी गेलो. दादा गोठ्यापुढे दोरखंड वळत बसला होता. मी उभ्यानंच सांगितलं, बसलो असतो तर जमलं नसतं. तो दोर वळायचा थांबला.

"तुह्या सायबानं लिहून देलं असतं?"

"हाव."

"पक्कं?"

"हाव, दादा."

तो पुन्हा दोर वळू लागला. रागावला नाही, रडला नाही. दुपारी मला जेवायला हाक मारली, ताटात वांग्याची भाजी आग्रहानं वाढली. मला वाटलं, झालं, संपलं.

चार दिवसांनी घरी पाहुणे आले. त्यातल्या एकानं हौसेनं विषय काढला, "भाऊ, ते मुंबईच्या मशीनचं सांगा ना या पोट्ट्यायले."

दादानं पानाला चुना लावता लावता माझ्याकडे बोट केलं. "त्याले इचारा," तो म्हणाला. "ते त्याचं काम हाये."