शास्त्रीबुवांनी ऐकलेलं स्पॅनिश

एकोणीसशे तीसच्या आसपासची गोष्ट. मॅट्रिकला संस्कृतात मी सपशेल आपटलो आणि ती बातमी माझ्याआधी साऱ्या रत्नागिरीला कळली. वडिलांनी हुकूम सोडला: रोज सकाळी ओटीवर बसून क्रियापदांची रूपं मोठ्यानं म्हणायची. ते खाली बागेत पोफळींना पाणी शिंपायचे आणि आवाज थांबला की ओरडायचे, “झोपलास काय रे मेल्या?” रूपं कुठली, याच्याशी त्यांना कर्तव्य नव्हतं, सूर चालू राहिला म्हणजे झालं. निदान माझी तशी समजूत होती.

दक्षिण अमेरिकेच्या बोटींवर उमेदीची वर्षं घालवून परतलेले पूर्णगडचे एक चाचा मला म्हणाले होते, स्पॅनिश शिकलास तर तिकडच्या बोटीवर कारकुनी मिळवून देतो. मला ती हवीच होती. पुन्हा मॅट्रिकला बसण्यापेक्षा समुद्र बरा! त्यांनी दिलेल्या व्याकरणाच्या पुस्तकातला क्रियापदांचा एक प्रकार मात्र काही केल्या घशाखाली उतरेना. मग मी तोच ओटीवर घेतला, संस्कृतच्या चालीत: “आया आब्लादो, आयास आब्लादो, आया आब्लादो, आयामोस आब्लादो, आयाइस आब्लादो, आयान आब्लादो!” पुढचा शब्द वेष बदलत राहतो, मागचा ढिम्म हलत नाही. बोलणं, ‘आब्लादो’, संपलं की जेवणं, ‘कोमिदो’; ते संपलं की जगणं, ‘विविदो’.

एकदा आमचे संस्कृतचे शास्त्रीबुवा जेवायला आले. मी नापास होणार हे भाकीत त्यांचंच. वडील म्हणाले, “म्हण रे, सकाळी म्हणतोस ते.”

माझी पाचावर धारण बसली. पण डोळे मिटले आणि सगळी रूपं ठोकून दिली. शास्त्रीबुवांनी तपकीर ओढली, मान डोलावली. “स्वर शुद्ध आहेत. वेदाची शाखा मात्र आपली नव्हे.” वडिलांनी त्यांना आग्रहानं आणखी तूप वाढलं.

पुढच्याच आठवड्यात चाचांचा निरोप आला, बोटीवर जागा आहे. वडील नाही म्हणाले असते तर सगळंच संपलं होतं. बागेत जाऊन अडखळत त्यांना सांगितलं.

“ठाऊक आहे,” ते म्हणाले. “चाचांनी तुला शिकवण्याआधी मला विचारलं होतं.”

“मग शास्त्रीबुवांपुढे का म्हणायला लावलंत?”

“तुझ्या जिभेला वळण नाही, असं बुवा म्हणाले होते ना!” ते खुदकन हसले. मलाही हसू आवरेना.

मग शिंपता शिंपता थांबून त्यांनी विचारलं, “ती रूपं लागतात कधी?”

“‘तो जेवला असेल, अशी आशा आहे’ असं काही म्हणायचं असलं की.”

त्यांनी पुढच्या पोफळीला पाणी घातलं.

“मग जाण्याआधी ती मला नि तुझ्या आईला शिकवून जा.”