इस्तारीचा रोवणा

माणसं प्रसंग पाहून मूग गिळतात. इस्तारीनं जन्मालाच मुगाचं पोतं गिळलं होतं. चामोर्शीकडच्या त्या गावात त्याचा आवाज ऐकलेली माणसं कमीच. तलावात जाळं टाकावं, ओसरीवर बसून बांबूच्या कामट्या सोलाव्या, एवढंच त्याचं जगणं. हातात मात्र जादू होती. घरात लेकरू नव्हतं, म्हणून तान्ह्या पोळ्याला गावातल्या साऱ्या लेकरांचे मिरवायचे बांबूचे नंदीबैल याच्याच ओसरीवर जन्माला येत.

त्या वर्षी मात्र त्याचं कामात मन नव्हतं. कारण घरात कुंता, त्याची बायको, जेवत नव्हती.

कुंता आणि गोकुळा एकाच माहेरगावच्या, एकाच साली या गावात नांदायला आलेल्या. धानाच्या रोवण्याला, म्हणजे लावणीला, दोघी दरवर्षी ओळीत शेजारीशेजारी. त्या साली मालक गुणवंतरावांच्या बांधीत, धानाच्या चिखलभरल्या खाचरात, रोवणा चालू होता. बाया वाकून परे, धानाची कोवळी रोपं, रोवत मागे मागे सरकत होत्या. गाण्याच्या नादात कुंता जरा तिरपी सरकली, तिचा धक्का गोकुळाला लागला आणि गोकुळा चिखलात फतकन बसली. बांधीभर हसू फुटलं, आणि सगळ्यांत आधी हसली ती कुंता. गोकुळा उठली, ओळीच्या पार दुसऱ्या टोकाला गेली आणि त्या दिवसापासून अबोला. गोकुळाचा राग म्हणजे ओल्या लाकडाचा जाळ. धड पेटत नाही, धड विझत नाही.

त्यात बातमी आली की गोकुळाच्या पोराला बल्लारशाला कारखान्यात काम लागलं, आणि पोळा झाला की तो मायला घेऊन जाणार.

"जाऊ द्या तिले. मले का करायचं हाय?" कुंता म्हणायची आणि पदर डोळ्यांना लावायची.

इस्तारीला ते पाहवेना. गोकुळाकडे जाऊन समजूत घालावी, तर बोलायचं कसं? समोर बसून बोलणं त्याला जमत नव्हतं, म्हणून तो कामट्या घेऊन बसला.

तान्ह्या पोळ्याच्या दुपारी पोरांचे नंदी मिरवून झाले, तसं इस्तारीनं मारुतीच्या पारासमोर एक खाट आडवी उभी केली, तिच्यावर लुगडं टाकलं आणि स्वतः मागे बसला. आधी वर आले ते बांबूचे गुणवंतराव. हातात छत्री, दोरी ओढली की छत्री वरखाली. आणि लुगड्यामागून, इस्तारीच्याच तोंडून, हुबेहूब मालकांचा आवाज आला, "हात चालवा वो बायांनो! गाणं मंग म्हणा!"

गाव आधी अवाक झालं आणि मग हसून लोळायचं बाकी राहिलं. समोर बसलेले खरे गुणवंतराव उपरण्यानं डोळे पुसत होते.

मग रोवणाऱ्या बाया आल्या. एका लांब बांबूवर सगळ्या बांधलेल्या, एकदमच वाकायच्या. मधल्या दोघी गावानं लगेच ओळखल्या. एकीला कुंताच्या हिरव्या लुगड्याची चिंधी, दुसरीला गोकुळाएवढं मोठं कुंकू. खरी गोकुळा पाराच्या कडेला तोंड फिरवून बसली होती. शेवटी त्या दोन बाहुल्यांनी एकमेकींच्या गळ्यात पडायचं, असं इस्तारीनं ठरवलं होतं. पण हा जाळ्याचा माणूस, पाण्यात पुढे पुढे जाणारा. त्यानं बाया पुढे चालवल्या.

"अगाऽ, परे तुडवून राह्यला!" बाया ओरडल्या. इस्तारी गांगरला आणि आणखी जोरानं पुढे ढकलू लागला.

गोकुळा अपमान सोसू शकत होती, वाईट रोवणा नाही. ती ताडकन उठून खाटेमागे गेली.

"काऊन जी भाऊजी, इतकी वरसं कुंताची शिदोरी बांधीवर आणली, तवा डोळे घरी ठेवून येत होते का? रोवणारीन मागं सरते! पुढं गेलं त आपलंच रोवलेलं तुडवते." तिनं बांबूचं एक टोक हिसकावलं. दुसरं टोक भुईला टेकलं. "अवो कुंता, धर न! पाहून काय राह्यली?"

कुंता धावली. दोघी वाकल्या, हाताच्या सवयीनं मागे सरकू लागल्या, कुंताचा धक्का लागला आणि गोकुळा पुन्हा फतकन खाली बसली.

कुणी हसलं नाही. कुंताचा चेहरा तर उतरलाच. गोकुळानं तिच्याकडे पाहिलं आणि आधी तीच खुदकन हसली. मग कुंताचा हात ओढून तिलाही खाली पाडलं. हसता हसता दोघी गळ्यात पडून कधी रडायला लागल्या, ते कळलं नाही. इस्तारीनं बांबूवरून सुटलेल्या त्या दोन बाहुल्या उचलून हातात धरल्या. त्याचंही नाक लाल झालं होतं.

पोळ्याच्या पाण्यानं वाट चिखलाची होती, तरी ठरल्या दिवशी बंडी निघाली. पोरगा धुरेवर बसला. गोकुळा मात्र बैलांकडे पाठ करून, गावाकडे तोंड करून बसली. हिरव्या चिंधीची बाहुली तिच्या मांडीवर होती. बंडी धानाच्या बांध्यांमधून लहान लहान होत गेली.

कुंतानं इस्तारीच्या बाहीला डोळे पुसले.

"पाहा जी," ती म्हणाली, "रोवणारीन अशी जाते."