राजधानी सोडणारा अण्णा

अण्णा गेल्याचा फोन आला तेव्हा मी नवनगरच्या घरातून रायापूरला त्याच्याकडंच निघाले होते, पायात चप्पल घालत होते. रविवार होता आणि आदल्या रविवारचा आमचा डाव अर्धा राहिला होता. त्या डावात मी जिंकत होते, असं मला वाटत होतं. तसं मला दर रविवारी वाटायचं आणि दर रविवारी माझा हा सख्खा थोरला भाऊ मला हरवायचा. झोपेतच गेला म्हणे... मी उंबऱ्यावर बसले आणि मनात पहिला विचार आला तो हा, की हाही डाव यानं मला जिंकू दिला नाही.

वकिली सोडल्यावर हा लढाईचा खेळ त्यानं स्वतःच तयार केला होता. प्लायवूडच्या फळीवर रंगवलेला एक देश, त्यात अलीकडं तीन गावं, त्यांतलं एक राजधानीचं, मग नदी, ती ओलांडायला नावा आणि नदीपलीकडं डोंगर. मोहरे म्हणजे सुभाष रोडवरच्या आमच्या वडिलांच्या दुकानातली उरलेली बटणं. चढाई करणाऱ्याची लाल तीस, राखणाऱ्याची पांढरी बारा. पावसाळा लागेपर्यंत, म्हणजे ठरलेल्या खेळ्या संपेपर्यंत, एक पांढरं बटण जरी पटावर उरलं तरी पांढरा जिंकला. अण्णा कायम पांढरी घ्यायचा.

आणि खेळायचा किती घाणेरडं, काय सांगू. पहिल्याच खेळीत राजधानी रिकामी. मी वाजतगाजत आत शिरायची आणि हा बशीतून चहा भुरकत म्हणायचा, "होगली बिडु." कानडीत म्हणजे, जाऊ दे, सोड. घेतलेल्या प्रत्येक गावात पहारा ठेवायचा असा नियम, त्यामुळं मी जिंकत जायची आणि माझं सैन्य पातळ होत जायचं. तेवढ्यात याची दोन बटणं नदीवर जाऊन नावा ताब्यात घ्यायची. त्या परत मिळवायला माझ्याकडं पुरेशी बटणं उरलेली नसायची. आणि एक पांढरं बटण, कडेचा टवका उडालेलं, सुरुवातीपासून डोंगरात नुसतं बसून. समोरासमोर लढाई म्हणून नाहीच.

"लाज नाही वाटत तुला, अण्णा? राजधानी टाकून पळतोस?"

"सुमे, गाव घेणं सोपं असतंय. घेतलेलं राखायला माणसं लागतात. पांढरी घेऊन बघ की एकदा."

मी कधीच घेतली नाहीत. मला मागं सरणं जमत नाही. जन्मभर शाळेत गणित शिकवलं, पण फळ्यावरची स्वतःची चूक पुसतानासुद्धा माझ्या कपाळावर आठी असायची. अण्णाचं बरोबर उलटं. चुकलं की हसायचा, पुसायचा आणि दुसरीकडून सुरू करायचा.

काही आठवड्यांनी, त्याच्याकडून हा खेळ शिकलेल्या मंडळींनी त्याच्या स्मरणार्थ स्पर्धा ठेवली. सभागृहाच्या दारात फ्लेक्स होता, त्यावर अण्णाचा फोटो आणि खाली मोठ्या अक्षरांत, 'एक पाऊलही मागे न घेणारा लढवय्या'. आत भाषणं चालली होती. एकानं सांगितलं, अण्णांनी प्रत्येक संकट छातीवर झेललं. ज्या माणसानं छाती पुढं न करण्यात सगळी अक्कल खर्च केली, त्याच्याबद्दल हे. आणि समोरची मंडळी माना डोलावत होती.

मग अण्णाचे कोर्टातले जुने दोस्त प्रल्हादराव माझ्याकडं आले. स्पर्धेचा सगळा कारभार त्यांच्याकडंच होता. "अक्का, एक सुधारणा केलीय. आता दोन्हीकडं तीस-तीस. पांढरी घ्यायला कुणी तयारच होईना हो. हरणारी बाजू कोण घेणार? अण्णांच्या नावानं खेळ न्यायाचा झाला पाहिजे." पटावर नवीकोरी, चकचकीत पांढरी प्लॅस्टिकची बटणं मांडलेली. मला किळस आली. माणसाच्या आवडीच्या ठेच्यातली मिरची काढून तो त्याच्याच नैवेद्याला वाढावा, तसला प्रकार. हे एकदा रूढ झालं की आमचा अण्णा संपला. मागं उरणार तो फ्लेक्सवरचा.

उद्घाटनाचा डाव मला प्रल्हादरावांशी खेळायचा होता. मी पांढऱ्या बाजूला बसले, चकचकीत बटणं मुठीनं उचलून पर्समध्ये टाकली आणि आठवण म्हणून जवळ बाळगलेली अण्णाची जुनी बारा ठेवली. "या बारा बटणांवर मी पावसाळा गाठला, तर खेळ अण्णानं केला तसाच राहील. कबूल?" लोकांदेखत काय बोलणार ते, हो म्हणाले.

पहिल्या खेळीत मी राजधानी रिकामी केली. अंगावर शिसारी आली, खरंच सांगते. जन्मात कधी केलं नव्हतं ते भरल्या सभागृहात, भावाच्या हार घातलेल्या फोटोसमोर करत होते. लाल बटणं आत शिरली, टाळ्या पडल्या.

"अक्का, राजधानी गेली की तुमची."

"होगली बिडु," मी म्हटलं आणि तिथंच माझा बांध फुटला... कुणीतरी पाणी आणलं. रडता रडताच मी दोन बटणं नदीकडं सरकवली.

जेवणाची वेळ झाली, डाव अर्धा राहिला. मी पट उचलून घरी आणला. स्पर्धा अडली ती अडली. आता दर रविवारी प्रल्हादराव डाव पुढं न्यायला माझ्याकडं येतात. तिन्ही गावं त्यांनी घेतलीत आणि तिन्हीकडं पहारे बसवलेत. माझी बरीच बटणं गेली. परवा जाताना खुशीत म्हणाले, "नदीवरची दोन काय, कधीही जातील. डोंगरातलं ते एक टिपलं की संपलं बघा, अक्का." मी बशीत चहा ओतला. टवका उडालेलं ते बटण अण्णानं बसवलं असतं तिथंच बसलंय, मी त्याला हात लावलेला नाही. प्रल्हादरावांना तिकडं यायचं तर नदी ओलांडावी लागेल, आणि नावा माझ्याकडं आहेत.