ताईचे मेसेज, रिकामे चौकोन

माझी ताई नऊ वर्षांची असताना तापातून उठली ती ऐकणं गमावूनच. बोलणं राहिलं, पण आवाज सपाट झाला आणि शब्द एकमेकांत मिसळू लागले. घरच्यांना कळायचं. परक्याला चार-चार वेळा विचारावं लागायचं, आणि चौथ्यांदा विचारणारी माणसं कमीच. पुढं पुढं ती बाहेर बोलणंच टाळू लागली. सातवीपर्यंत शिकली होती. अक्षर माझ्यापेक्षा वळणदार.

तिचं लग्न बोदलकसा तलावाजवळच्या एका गावात झालं. भाऊजी धानाची शेती करत आणि तलावात मासे धरत. मी नव्याण्णव साली कामठ्याच्या शाळेत शिक्षिका म्हणून लागले आणि गोंदियात खोली घेतली. आमच्यात अंतर दोन-तीन एसट्यांचं, पण जिला फोनवर ऐकू येत नाही तिच्यापर्यंत पोचायला पत्राशिवाय मार्ग नव्हता. आई गेली तेव्हा ताईला आणायला माणूस पाठवावा लागला. ती पोचली तेव्हा सगळे स्मशानातून अंघोळ करून परत आले होते. ती ओसरीवर बसून राहिली. तिचं ते बसणं मी विसरू शकले नाही.

त्यानंतर चार-पाच वर्षांनी आमच्याकडे मोबाइल आले. तेव्हा मोबाइल म्हटलं की एकाच परदेशी कंपनीचं नाव लोकांच्या तोंडी होतं. तो छोटा, जाडजूड फोन धानाच्या बांधीतल्या चिखलात पडला तरी पुसून परत चालायचा. पण मला त्याचं खरं कौतुक वाटलं ते बटणांमुळे. इंग्रजी अक्षरांच्या शेजारी बारीक क, च, ट, त छापलेले होते. कुठल्या दूरच्या देशात बसलेल्या माणसाला आमच्या बाराखडीची आठवण झाली होती! मी दोन फोन घेतले, एक तिला नेऊन दिला. दोन दिवसांनी वर्गात फळ्यावर लिहीत असताना मेसेज आला, ‘मी ताई. वड्या पाठवल्या, मिळाल्या का?’ मी तिथंच उभ्या उभ्या ‘मिळाल्या’ लिहिलं. लगेच उत्तर, ‘इतक्या लवकर?’ मुलं बघत राहिली, बाईंच्या डोळ्यांत पाणी कशानं आलं म्हणून.

त्या दिवसापासून मी त्या कंपनीची फुकटची प्रचारक झाले. शाळेतल्या सगळ्यांना तोच फोन घ्यायला लावला. कोणी दुसरा दाखवला की मी भांडायची.

पण वर्षं जात राहिली आणि कंपनी जागची हलेना. दर दिवाळीला नवीन मॉडेल यायचं. कधी रंग वेगळा, कधी बटणं गोल, कधी दोन गाणी जास्त. गोंदियातला माझा दुकानदार एकदा कंटाळून म्हणाला, “मॅडम, ढक्कन बदला है, अंदर वही माल है.” दुसऱ्या कंपन्यांचे बोटानं चालणारे फोन आले. मी म्हणायची, थांबा, आपल्या कंपनीचा येऊ द्या, मग बघा.

आणि तो आला. मोठ्या काचेचा, जाहिरातीत चमकणारा. माझ्या जुन्या फोनची बटणं झिजली होती. तो दुकानदाराला देऊन टाकला आणि नवा घेतला. घरी येऊन घाईत इंग्रजी अक्षरांतच ताईला कळवलं. तिचं उत्तर आलं, आणि पडद्यावर नुसते चौकोन. रिकामे, सारखे, ओळीनं मांडलेले.

मी फोन बंद करून सुरू केला. तो सुरू होईपर्यंत चहा उकळून गाळून झाला. चौकोन तसेच.

दुकानदारानं उलटसुलट करून पाहिलं. “मॅडम, इसमें मराठी है ही नहीं.”

“पुराने में तो थी!”

“पुराने में थी. इसमें नहीं डाली.”

सर्व्हिस सेंटरवाला म्हणाला, पुढच्या अपडेटमध्ये येईल. तीन-चार महिन्यांनी अपडेट आलं. त्यात नव्या रिंगटोन आणि फुलांची चित्रं होती. मी कंपनीच्या मदतीच्या नंबरवर फोन लावला. पलीकडच्या मुलीला म्हटलं, “तुमच्याच जुन्या फोनात मराठी होती. नव्यात काऊन नाही?” ती गोड आवाजात म्हणाली, “मॅम, हा स्मार्ट फोन आहे.”

इथं माझीही चूक सांगायला हवी. मी पुन्हा साधा फोन घेऊ शकत होते. घेतला नाही. इतकी वर्षं ज्या नावासाठी भांडले, ते खोटं ठरलं हे शाळेत कोणाला कळू द्यायचं नव्हतं. म्हणून मी ताईलाच सांगितलं, आता इंग्रजी अक्षरांत मराठी लिहीत जा. तिनं का म्हणून विचारलं नाही. एबीसीडी तिला जेमतेम यायची. एका ओळीला अर्धा तास लागत असेल, पण लिहायची. ‘mi bari ahe.’ पूर्वी ती पानभर लिहायची, घरातलं, शेतातलं, सासूचं. आता फक्त बरी आहे.

धानाच्या रोवणीचे दिवस होते. शाळेत तिसरा तास चालू होता आणि टेबलावरचा फोन थरथरला. ताईचा मेसेज. चौकोन. मला वाटलं, चुकून मराठीत लिहिलं असेल. पाच मिनिटांनी दुसरा. तोही चौकोन. पाऊण तासानं तिसरा.  महिनोन् महिने ती न चुकता इंग्रजी अक्षरांत लिहीत होती. आज तिला ती अक्षरं आठवली नाहीत, याचा अर्थ एकच होता.

मी ‘kay zala’ लिहून पाठवायला गेले आणि फोन अडकला. काच दाबत राहिले, काही हलेना. बॅटरी काढून परत घातली. तो हळूहळू जागा होत असताना मी हेडमास्तरांना सांगून निघालेही होते. भाऊजींचा फोन लागेना. ते तलावावर गेले की रेंज नसायची. गोंदियाला पोचेपर्यंत चौथा, पाचवा आणि सहावा मेसेज आला. एक लांब, दोन आखूड. मी चौकोन मोजत बसले, जणू मोजून अर्थ लागेल. माझा मेसेज शेवटी गेला, पण उत्तर म्हणून आलेला सातवा मेसेजही चौकोनांचाच. नंतर फोन गप्प झाला.

मला एकच सुचलं, तिच्या घरी जायचं. तिरोड्याची एसटी धरली. खिडकीतून बांध्यांमध्ये वाकलेल्या बाया दिसत होत्या आणि प्रत्येक बाई मला ताईसारखी वाटत होती. तिरोड्याहून पुढं जाणारी गाडी पाऊण तासानं निघाली.

ताईच्या दाराला बाहेरून कडी. सगळं गाव रोवणीला गेलेलं. शेजारची एक म्हातारी तेवढी घरी होती. “पोरीले घेऊन गेली. आंगावर टावेल गुंडाळून. कोठी गेली ते मले नाही समजलं.”

ताईची मुलगी चार वर्षांची होती.

मी रस्त्यावरच्या किराणा दुकानात धावले. दुकानदारीण तांदूळ पाखडत होती. मी तिला फोन दाखवला आणि काय झालं ते एका दमात सांगितलं. तिनं चौकोनांकडे पाहिलं आणि स्वतःचा फोन कमरेतून काढला. कुठलंही नाव नसलेला, मोठ्या आवाजाचा, स्वस्तातला फोन. “माह्याकडे पाठवून पाय. माह्या फोनात समदं दिसते.”

हे मला तोवर सुचलंच नव्हतं. मी धरून चालले होते की अक्षरं येतानाच मोडून येतात. मी एकेक मेसेज तिला पाठवला. तिच्या फोनात माझ्या ताईची मराठी जशीच्या तशी उमटली. मला वाचवेना, म्हणून तिनंच एकेक शब्द जोडत वाचलं.

‘पोरीला ताप. झटके येऊन राहिले.’

‘हे तलावावर आहेत. एकाच्या मोटारसायकलवर तिरोड्याला नेते.’

‘तिरोड्याच्या दवाखान्यात आहे. डॉक्टर काय म्हणतात समजत नाही.’

‘मी बोलते तर मला गप्प बसवतात. कागदावर सही मागून राहिले. करू का?’

‘सांग ना. करू का?’

‘सही केली.’

‘गोंदियाच्या मोठ्या दवाखान्यात नेऊन राहिले. तू तिथंच आहेस ना. दारात उभी राहा.’

दुकानदारीण थांबली. मी तिच्या दुकानाच्या पायरीवर बसले. मोठा दवाखाना माझ्या खोलीपासून चालत जाण्यासारखा. मी एसटीत बसून तिरोड्याकडे येत असताना तिची ॲम्बुलन्स कदाचित माझ्या खिडकीसमोरून गेली असेल.

“कायले बसली? ऊठ!” दुकानदारीण ओरडली. तिनं दिराला बांधीतून बोलावून घेतलं. चिखलाच्या पायांनी त्यानं मला तिरोड्याला सोडलं, तिथून रेल्वे मिळाली. डब्यात मी पूर्ण वेळ दाराशी उभी होते.

संध्याकाळ होत आली होती. मुलीला सलाइन लावलं होतं, झटके थांबले होते, ती झोपली होती. ताई खाटेशी जमिनीवर बसलेली. तिनं मला पाहिलं आणि मोठ्यानं, त्या तिच्या सपाट आवाजात विचारलं, “कुठं होतीस?” सगळा वॉर्ड वळून पाहू लागला. इतक्या लोकांत तिचा आवाज मी कित्येक वर्षांत ऐकला नव्हता.

मी फोन तिच्या हातात दिला. तिनं एकेक मेसेज उघडला. चौकोन. चौकोन. चौकोन.

“हे मी लिहिलं?”

मी मान हलवली. तिनं फोन जमिनीवर उपडा ठेवला. मग म्हणाली, “मी सही केली. कशावर केली, माहीत नाही.”

नर्सला विचारलं तेव्हा कळलं, वाटेत काही बरंवाईट झालं तर जबाबदारी आमची, असं त्या इंग्रजी कागदावर होतं. मी ताईला ते लिहून दाखवलं. तिनं तोंडावर पदर घेतला आणि भाऊजी येईपर्यंत काढला नाही.

आठ दिवसांनी मुलगी चालत घरी गेली. डॉक्टरांनी तिचे कान तपासले होते. ऐकू येत होतं. ताईनं तरी घरी गेल्यावर दारामागं लपून ताट वाजवून पाहिलं म्हणे, तीन-तीनदा.

मी सर्व्हिस सेंटरवर गेले. काउंटरवरचा तरुण मला ओळखत होता. म्हणाला, “मॅडम, नवीन मॉडेल येऊन राहिलं.”

“मराठी आहे त्यात?”

त्यानं कागद चाळले. “कॅमेरा फार भारी आहे.”

मी त्या दिवशी काय बोलले ते सगळं आठवत नाही. रांगेतली माणसं मागं सरकली एवढं आठवतं. मी त्याला सातही मेसेज पाठ म्हणून दाखवले.  मग तो कोणाला ऐकू जाऊ नये अशा आवाजात म्हणाला, “मॅडम, आम्हीबी वर लिहून लिहून थकलो. वरचे म्हणतात, लोक आपलं नाव पाहून घेतात. नवीन कायले करायचं?”

 नाव पाहून घेणारी तर मीच होते.

बाहेर येऊन मी त्या दुकानदारिणीकडे होता तसलेच दोन फोन घेतले. शाळेत सगळ्यांना खरं काय ते सांगितलं. कोणी हसलं नाही.

पुढं दिवाळीत ताई माहेरपणाला माझ्याकडे आली. मी कंपनीला इंग्रजीत पत्र लिहायला बसले होते. तिनं कागद ओढून घेतला आणि मराठीत, आपल्या वळणदार अक्षरात, दोन पानं लिहिली. महिन्याभरानं इंग्रजीत उत्तर आलं. आपल्या अभिप्रायाबद्दल आभार, आणि खाली नव्या मॉडेलची माहिती. ताईला मी ते तसंच सांगितलं. ती म्हणाली, “वाचलंच नाही त्यांनी,” आणि भाजी निवडायला लागली.

दोन-तीन वर्षांत ती कंपनी बसली. गोंदियातले तिचे बोर्ड उतरले. लोकांना हळहळ वाटली, थोडी मलाही वाटली, हे खोटं कशाला सांगू. पण राग अजून गेलेला नाही. ज्यांना आमची अक्षरं कधी आलीच नाहीत, त्यांच्यावर मी कधी रागावले नाही. ह्यांना येत होती. ह्यांनी ती एकदा माझ्या ताईच्या हातात दिली होती.