सांगलीहून पकडलेला चोर

आता हे सांगायला बसलोय खरा, पण हसायचं नाही, आधीच बजावतो! माझा राग अजून उतरलेला नाही. संताप संताप झाला होता नुसता. आणि कुणावर, ते ऐका.

गोष्ट नव्याण्णव सालची. आमचे अण्णा, म्हणजे माझे वडील, फौजेतले रिटायर हवालदार. घराणं वडूजकडचं, पिढीजात मेंढपाळांचं. त्यामुळे अण्णांना धनगरी ओव्या तोंडपाठ. सुट्टीच्या दिवशी साताऱ्याच्या घरी ते सांगायचे आणि मी कंप्युटरवर टाइप करायचो. गावच्या बिरोबाच्या जत्रेला त्याचं पुस्तक काढायचं ठरलं होतं. अण्णांनी तर गावभर सांगून ठेवलेलं, "जत्रंला पुस्तक घिऊनच येतो!"

मी फ्लॉपी घेऊन सांगलीला प्रेसवर गेलो. फ्लॉपी उघडेना! फुंकर मारली, पुसली, शिव्या दिल्या. नाहीच.

प्रेसवाला म्हणाला, "आज मॅटर न्हाई मिळालं, तर जत्रंला पुस्तक न्हाई. उद्यापासनं मशीन कॅलेंडरला लागतंय."

एसटीनं साताऱ्याला जाऊन परत यायचं म्हणजे दिवस गेला. पण मी काय साधा माणूस होतो? घरच्या कंप्युटरवर मी एक प्रोग्राम टाकून ठेवला होता. जगात कुठंही ब्राउझर उघडायचा, एक नंबर टाकायचा, की आपल्या घरचा स्क्रीन समोर हजर! तिथूनच फाइल उघडायची, तिथूनच मेल करायची. ऑफिसात याच्या मी इतक्या बढाया मारल्या होत्या, की लोक मला बघून रस्ता बदलायचे.

सायबर कॅफे गाठला आणि घरी फोन लावला. "अण्णा, कंप्युटर चालू करा, इंटरनेट जोडा. स्क्रीनवर एक नंबर येईल. तो शेजारच्या कदमकाकूंच्या फोनवरनं मला सांगा, आपला फोन इंटरनेटमध्ये अडकणार. आणि मग कंप्युटरला कुणालाही हात लावू द्यायचा नाही!"

"समजलं. पहारा लावतो," अण्णा म्हणाले.

नंबर आला. टाकला. आधी करडा चौकोन, मग तुकड्या-तुकड्यानं माझ्या घरचा स्क्रीन! अंगावर मूठभर मांस चढलं. आजूबाजूला कुणी बघतंय का ते बघून घेतलं.

मग माउस हलवला. तिकडचा बाण ढिम्म! परत हलवला. घासला. आपटला. दाणदाण क्लिक केलं. काही नाही. वैतागून हात सोडून घाम पुसतोय, तोवर बाण आपोआप चालायला लागला! ओव्यांच्या फोल्डरला वळसा घालून गेला आणि कॅल्क्युलेटर उघडला. मग दुसरा कॅल्क्युलेटर उघडला!

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. कदमकाकूंकडे फोन लावून अण्णांना बोलावलं.

"अण्णा, कंप्युटरला कोण हात लावतंय?"

"कुनी न्हाई. दारात खुर्ची टाकून बसलो हुतो मी."

"मग बाण काय भुतानं हलवला? डोळा लागला असंल तुमचा!"

बर्फात रात्र-रात्र पहारा दिलेला माणूस तो. "डोळा?" अण्णा म्हणाले. "बरं." मला तिथंच थांबायला हवं होतं. पण राग आला की मी थांबतो होय?

"जावा आधी, खोलीला कुलूप घाला आणि किल्ली घिऊन परत फोनवर या!"

तेवढ्यात मी आणखी दोन-चारदा माउस रगडला. अण्णा परत आले. "किल्ली मुठीत हाय माझ्या."

आणि माझ्या डोळ्यांदेखत बाण गरगर फिरायला लागला! "अण्णा! हलतोय! आत्ता हलतोय! माणूस आत हाय!"

"चोर?"

"चोर!" मी बोंबललो. कॅफेतले सगळे वळून बघायला लागले. साताऱ्यात कदमकाकू किंचाळल्या, ते मला सांगलीत ऐकू आलं.

"सोडू नका त्याला!" मी ओरडत होतो. "डोक्यानं पार रिकामा हाय मुडदा! नुसता कॅल्क्युलेटर उघडतोय! मेंढराला जास्त अक्कल असती! हाणा त्याला!" एका हातात रिसीव्हर आणि दुसऱ्या हातानं मी चोराशी झुंजत होतो. तो उजवीकडे गेला की मी डावीकडे ओढायचो, तो डावीकडे गेला की मी उजवीकडे. लय चिवट बेणं!

एकदम स्क्रीन गेला. घरी पळत जाऊन आलेल्या अण्णांचा आवाज आला, "मेन स्विच वडलाय. आता बघू कसा हलीवतोय."

कॅफेवाला माझ्यामागे येऊन उभा होता. "साहेब, माउस मोडंल की. लाइन स्लो हाय. तुमी हितं हलवलं की तिकडं मिनिटभरानं हलतंय. धा येळा हलवलं तर धाबी येळा हलणार."

"मग तो चोर?"

त्यानं माझ्या हाताकडे बघितलं. माउस अजून माझ्याच मुठीत होता.

"अहो, मग हे आधी सांगायला काय धाड भरली होती?"

"तुमी बोलू दिलं व्हय मला?"

परत फोन लावला, तर कदमांकडे कुणी उचलेना. उचलणार कोण? सगळे आमच्या खिडकीखाली! शेवटी एसटी पकडली. घरी पोचलो, तर बोळात गर्दी, काठ्या घेऊन. अण्णा कुलपाच्या दारापाशी ताठ उभे.

"उघडून बघितलं, आत कुनी घावलं न्हाई, परत कुलूप घातलं. पन हितनं मी हललो न्हाई. तुला दिसला का त्यो?"

"दिसला."

"कोन हुता?"

सगळ्या गर्दीसमोर सांगावं लागलं हो! कदमकाका काठी टाकून हसत खाली बसले. अण्णा हसले नाहीत. "म्हंजे डोळा न्हवता लागला माझा," एवढंच म्हणाले आणि आत गेले.

जत्रेला पुस्तक नव्हतंच. जो तो विचारायचा, "हवालदार, पुस्तक कुठाय?" त्यांची मान खाली गेलेली मला बघवेना. संध्याकाळी ढोल सुरू झाले, तेव्हा अण्णा उठले आणि त्यांनी नवीच ओवी धरली. सांगलीत बसून साताऱ्यातला चोर धरणाऱ्या लेकाची! जत्रा लोटपोट. लोकांनी ती तीनदा म्हणायला लावली.

घरी आल्यावर अण्णा म्हणाले, "बस कंप्युटरवर. एक ओवी वाढलीया."

ते सांगत होते, मी दात-ओठ खात टाइप करत होतो. 'रिकाम्या डोक्याचा' आला. 'मुडदा' आला. 'मेंढरापरीस कमी अकलेचा' आलं, तेव्हा मात्र माझी बोटं थांबली. "अण्णा, निदान शिव्या तरी गाळूया की!"

"न्हाई गाळायच्या," अण्णा म्हणाले. "त्या माझ्या न्हाईत. तुझ्या तुला दिल्यात."